आबांच्या आवाजात मारलेली हाक

भिगवण म्हणलं की तुमी लगेच सरसावून बसला असाल. आता गुलाबी पंखांचे रोहित येणार, होडी येणार, पहाटेचं धुकं येणार, आणि शेवटाला हायवेवरच्या हाटेलात चिलापीचं झणझणीत कालवण. बसा, बसा. यातलं काहीच येणार न्हाय. रोहित त्या रात्री आमच्याकडं फिरकले न्हाईत, होडीला मामानं साखळी घालून कुलूप लावलेलं, आणि कालवणाचं म्हणाल तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला कुणी चहासुद्धा विचारला न्हाय. येणार हाय तो नुसता चिखल, तापलेली माणसं, आणि पाखरं धरून त्यांच्या पायात कडी घालणारे दोन पुणेकर. त्यांना मी पहिल्या अर्ध्या तासात नकोसा झालो. मलाबी ते झाले. फिटंफाट.

मी सणसरचा. शाळा इंदापुरात, कॉलेज बारामतीत, आणि डिग्री अजून वाटेत. काकाचा पिकअप चालवतो. गॅदरिंगला, लग्नाच्या वरातीत, कुणाच्या बारशाला मी आवाज काढतो. एसटीचा कंडक्टर, आमचे हेडसर, कारखान्याचा भोंगा, ऊसतोडीचा मुकादम फोनवर खोटं बोलताना. माणूस दहा मिनिटं माझ्यासमोर बोलला की त्याचा आवाज माझ्या गळ्यात येऊन बसतो. मी मुद्दाम करत न्हाय, होतं.

ह्या दोघांना जाळी, बांबू, पेट्या भिगवणपासनं पाण्यापर्यंत न्यायला गाडी पाहिजे होती, आणि पाण्याकाठी ओळखीचं कुणीतरी. मी म्हणलं, माझ्या मामाचं रान धरणाच्या पाण्याला लागून हाय, पाणी मागं सरकलंय, सगळा चिखल उघडा पडलाय, पाखरं मायंदाळ. चला. टेन्शन न्हाय, मामा माझाच हाय.

इथंच पहिली चूक, पण ती मामाची.

त्यातले एक सर होते. पांढरी दाढी, खिसेच खिसे असलेलं जाकीट, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "लक्षात येतंय का?" दुसऱ्या मॅडम. त्या पाखरांवर पीएच.डी. करत होत्या, तिसरा हिवाळा चालू होता, आणि बोलायच्या मोजकं. सरांनी गाडीतच सगळं सांगितलं. पाखरू दिवसा जाळं बघतं, चांदण्यातबी बघतं, म्हणून अमावस्येची रात्र. केसासारखं बारीक काळं जाळं चिखलात उभं ताणायचं. पाखरू खाली उतरताना त्याच्या झोळीत पडतं. लगेच काढायचं, कापडी पिशवीत ठेवायचं, मापं घ्यायची, पायात नंबराची ॲल्युमिनियमची कडी घालायची आणि सोडायचं. पुढं ते गुजरातेत न्हायतर रशियात कुणाला घावलं, तर कळतं की हे उजनीवर येऊन गेलेलं.

"आणि एक," सर म्हणाले, "जाळ्यात पक्षी मेला, एकसुद्धा, तर मला तसं कळवावं लागतं. माझा परवाना थांबतो. परवाना थांबला की हिचं काम इथेच संपलं. लक्षात येतंय का?"

मॅडम म्हणाल्या, "लांब पायांचे पक्षी आधी काढायचे. शेकाट्या वगैरे. जास्त वेळ लटकले की पाय आखडतात. मग सोडलं तरी उभे राहत नाहीत. उभा राहिला नाही की तो जगत नाही."

बास, एवढंच. ह्या रात्रीत ध्यानात ठेवायचं ते एवढंच होतं, आणि ते मला सुरुवातीलाच सांगितलेलं. मला कुणी सांगितलं न्हाय असं म्हणायला जागा न्हाय.

बांबू रोवताना चिखल गुडघ्यापर्यंत. मी मागं कुणी न्हाय असं बघून मॅडमला म्हणलं, "जाळी सरळ लावा, बांबू तिरका झाला की पक्षी हसतो. लक्षात येतंय का?"

मागं सर उभे होते.

"ए ड्रायव्हर," ते म्हणाले, "इथे हात आणि पाय घेऊन यायचं. तोंड गाडीत ठेवून यायचं."

त्यांना माझं नाव माहीत होतं. पाच वेळा विचारून घेतलेलं.

जाळी लागली, आमी तिघं बाभळीच्या आडाला तांबड्या उजेडाच्या बॅटऱ्या कपाळाला बांधून बसलो. आणि तेवढ्यात वरच्या बांधावरनं धाडकन पांढरा झोत आला. सगळी जाळी अशी लखलखली की जणू लग्नाचा मांडव.

"कोण हाय रं तितं?"

"मामा, मी हाय."

"तू हायस म्हणून तर इचारतोय."

मामा बांधावर त्याच्या पाइपलाइनीवर बसलेला. हातात काठी, आणि वासराएवढी बॅटरी. ह्या काठावरनं मोटारींची केबल दोनदा चोरीला गेलेली, म्हणून मामा रात्री राखणीला बसतो हे मला माहीत होतं. पण मी फोनवर त्याला सांगितलेलं की पुण्याची माणसं पाखरांना बिल्ला मारायला येणार हायत. तो "बरं" म्हणला होता. आता कळलं की "बरं" म्हंजे "येऊ दे, बघतो".

सर बांधापाशी गेले. हात जोडले. मामानं बॅटरी त्यांच्या तोंडावरच धरली.

"तुमीच का बिल्लेवाले?"

"बिल्ला नाही, कडी घालतो आम्ही."

"तेच की. गाईच्या कानात बिल्ला मारला आमच्या, तवापास्नं डाक्टर मला न्हाय, गाईला नमस्कार करतोय. बिल्ला मारला की जनावर कागदावर चढलं. आता पाखरं चढवा. मग पाखरू जितं बसतंय तो चिखलबी चढवा. मग म्हणा हितं मोटार नको, आवाज व्हतो, पाखराची झोपमोड व्हती."

"असं काहीही होणार नाही. जमीन तुमचीच राहणार."

"माजी कुठली? माज्या बापाची व्हती, धरणात गेली. पाणी हटलं की दोन महिनं तितं हरभरा पेरतोय मी. तेवढंबी सलतंय व्हय तुमाला?"

सर म्हणाले, "आम्ही विज्ञानाचं काम करतोय." मामा म्हणला, "करा की. मी हितं बसून बघतो." आणि बॅटरी जाळ्यावर रोखून धरली.

आता बघा, मामा बेकायदा काही करत नव्हता. स्वतःच्या बांधावर बसलेला, स्वतःच्या बॅटरीनं. पण पाखरांचे थवे वरनं यायचे, उजेडात जाळं बघायचे, आणि टीटीटी करत पलीकडं जायचे. एकबी पडंना. सरांचा पारा चढत चालला आणि तो सगळा माझ्यावर उतरायला लागला. मामाला ते काय बोलणार? मीच घावलो.

"तुझा मामा ना? टेन्शन नाही ना? मग काढ त्याला तिथून."

मी गेलो. "मामा, घरी जा की. झोपा. केबल मी बघतो."

"तू बघणार? तू परवा म्हशीचा आवाज काढून म्हशीलाच फसवलंस. तुज्यावर केबल सोडू?"

"मग बॅटरी तरी इझवा."

"सेल माजं हायत."

परत आलो. सर म्हणाले, "तुझ्यासारख्यांमुळेच गावात काम होत नाही." माझं डोकं सटकलं. एक तर मी गाडी आणली, चिखलात उतरलो, मामाच्या शिव्या खाल्ल्या, आणि वर हे. तवा मला आबा आठवले.

हे नीट सांगतो, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर हाय. आमच्याकडं मोटारीची लाईट पाळीपाळीनं येते. त्या आठवड्यात रात्रपाळी होती, पण डीपी, म्हंजे मोटारींचा ट्रान्सफॉर्मर, जळाल्यामुळं लाईट आलीच नव्हती. ऊस माना टाकायला लागलेला. मोटार आपोआप चालू करणारे ऑटो सगळ्यांनी काढून ठेवलेले, कारण पाणी रोज मागं हटतं, पाइपाच्या तोंडाची झडप, आमी तिला फुटबॉल म्हणतो, उघडी पडती आणि मोटार कोरडी फिरून जळती. म्हणून माणसानं स्वतः खाली जायचं, पाणी बघायचं, मग बटण दाबायचं. आणि लाईट आल्याची हाक मारायची ती शेजारच्या मळ्यातल्या आबांनी. डीपी त्यांच्या घरापाशी हाय. त्यांचा बल्ब लागला की ते पहिल्यांदा ट्रॅक्टर चढावर अडकल्यासारखे खोकणार, आणि मग हाक. ती हाक आख्ख्या काठाला ऐकू जाते. त्या हाकेवर माणूस जेवणाचं ताट सरकवून उठतो.

मी बाभळीच्या मागं, आबांच्या मळ्याच्या अंगाला सरकलो. तोंडावर हाताचा पोंगा केला.

"ख्हँऽऽ... ख्हँक! लाईट आली रंऽऽऽ!"

मामा असा उठला की काठी एकीकडं, चप्पल दुसरीकडं. बॅटरी घेऊन बांधावरनं पळत सुटला मोटारीकडं. मोटार लांब होती, पार दुसऱ्या टोकाला. झोत लांब गेला, बारीक झाला. जाळ्यावर काळाकुट्ट अंधार पडला.

सर माझ्याकडं बघत होते. म्हणाले, "हे आधी का नाही केलंस?"

हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतोय. पुढं ते त्यांच्या ध्यानात राहिलं न्हाय.

आणि काय सांगू, पाखरं जणू ह्याचीच वाट बघत होती. थवा उतरला आणि जाळं हललं. चिमणीएवढे टिलवे, गळ्यात काळा पट्टा असलेले चिखल्या, आणि खालच्या झोळीत तंगडी अडकलेला एक शेकाट्या. काडीसारखे लांब गुलाबी पाय, आणि तोंडानं किक् किक् किक् किक्, कुणीतरी सायकलची घंटी धरून ठेवल्यासारखं. मॅडम शेकाट्याकडं निघाल्या. वाटेत गळ्याशी गुंतलेले दोन टिलवे काढून त्यांनी पिशवीत ठेवले. शेकाट्याला हात घातला असंल नसंल, वर काठावर बॅटऱ्या दिसायला लागल्या.

एक न्हाय, दोन न्हाय. मोटारसायकलींचे दिवे, मोबाइलचे उजेड, ट्रॅक्टरचा एक डोळा. मी फक्त मामाला उठवायला गेलो होतो. उठला आख्खा काठ.

पाच मिनिटांत सगळ्यांनी बटणं दाबून बघितली. लाईट न्हाय. मग एकमेकाला हाका. "आली कुठं?" "हाक तर आबानंच मारली!" आणि खालनं आबाच चालत आले, डोक्याला मफलर, अंगावर घोंगडी.

"मी न्हाय वरडलो," आबा म्हणले. "मी झोपल्यालो. माजाच आवाज ऐकून मीच उठलो. मला वाटलं मी झोपंत वरडलो का काय."

कुणी हसलं न्हाय. कुणीतरी म्हणलं, "ही चोरांची आयडिया हाय. एकीकडं बोलवायचं आन दुसरीकडं केबल कापायची." आणि तेवढ्यात सगळ्यांना चिखलात दोन तांबडे दिवे दिसले.

मग काय. धावतच आले. सरांना आणि मॅडमना मधी घेतलं. मॅडमच्या हातातली पिशवी एकानं ओढून घेतली, आत फडफड झाली तशी टाकायलाच निघाला. मॅडमनी ती वरच्यावर झेलली.

"आरं, जित्तं हाय काहीतरी!"

"अमावस्येला पाखरं पिशवीत? करणी करायला आलाय का रं म्हाताऱ्या?"

सर घाबरले की पुस्तकासारखं बोलतात. "हे पहा, आम्ही स्थलांतरित पाणपक्ष्यांना वलयांकित..."

"काय कित?"

"कडी! कडी घालतो!"

"कुणाला कडी घालतो? आमाला?"

"केबल कुठं ठिवली ते आधी बोल."

मॅडम म्हणाल्या, "दादा, जाळ्यात पक्षी आहेत. मला आधी ते काढू द्या. मग काय विचारायचं ते विचारा."

"हलायचं न्हाय बाई. पोलीस पाटलाला फोन लावलाय."

"ते मरतील."

"मरू द्या. आमचा ऊस मरतोय, त्याला कोण आलं न्हाय अजून."

मी कुठं होतो? मामा मोटारीकडनं धापा टाकत परत आलेला, कपाळावरचा दिवा इझवून मी त्याच्या मागं उभा होतो. गर्दीत मला कुणी धरलं न्हाय, मी गावचा. मला वाटलं, होईल थंड. पाटील येतील, कागद बघतील, सोडतील. आता मी तोंड उघडलं तर ही सगळी माझ्यावर पडणार. सरांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. म्हणलं बघा, ह्यांनाबी नकोय मी बोलायला. तिकडं शेकाट्याचं चालूच होतं, किक् किक् किक्. मग थांबून थांबून. मग नुसतं किक्.

मॅडम एकदम वळल्या आणि जाळ्याकडं चालायला लागल्या. एकानं त्यांना अडवायला जाळ्याचाच बांबू धरला, तो हिसक्यानं उपटून आला, आणि आख्खं जाळं खाली लोंबलं. खालची झोळी पाण्यात गेली.

तवा मी म्हणलं, "हाक मी मारली."

"गप ए," कुणीतरी म्हणलं. "आबाचा आवाज आमी वळखत न्हाय व्हय?"

"मीच मारली. ह्यांचा काही संबंध न्हाय. ह्यांना सोडा."

"नातेवाईक दिसत्यात ह्याचं."

मग राहिलं काय? आबांच्या समोर, दोन हात अंतरावर उभा राहून, मी खोकलो. "ख्हँऽऽ... ख्हँक! लाईट आली रंऽऽऽ!"

पार पलीकडच्या मळ्यात आणखी दोन बॅटऱ्या पेटल्या.

आबांनी घोंगडी डाव्या खांद्यावर टाकली, पुढं आले, आणि उजव्या हातानं माझ्या कानाखाली असा आवाज काढला की तो मला अजून कुणाचा जमला न्हाय.

"खोकलाबी माजाच घेतलास रं भाड्या," ते म्हणले. "दम्याचा हाय त्यो." मग मॅडमकडं बघून म्हणले, "जा बाई. काढ तुजी पाखरं."

मॅडम पळाल्या. चिखलात कुणी पळू शकतं हे मी तवा बघितलं. सर मागनं. मी बॅटरी धरली, माझ्या हातात तेवढंच दिलं. आता मापं न्हाईत, कडी न्हाय, काढला की सोडला. टिलवे गेले. चिखल्या गेले. भिजलेला एक पिशवीत गरम करून मग गेला. वर उभी राहिलेली माणसं बघत होती, तोंडं चालूच. "आता का कडी घालंना?" "अंगठा घे म्हणावं पाखराचा." मामाचा आवाज सगळ्यात मोठा. त्याचा पाय दगडावर ठेचाळलेला आणि त्याला चप्पल घावंना.

शेकाट्याला मॅडमनी सगळ्यांच्या आधीच कात्रीनं जाळं कापून सोडवला होता. पुसला. चिखलात सुक्या जागी नीट उभा केला, दोन्ही बाजूंनी हाताचा आडोसा दिला. हात काढले की पाय फोल्डिंगच्या खुर्चीसारखे मिटायचे. परत उभा केला. परत मिटले. मग त्यांनी पिशवीला दोन भोकं पाडली, त्यातनं त्याचे पाय खाली सोडले, आणि झोळी करून हातात धरून बसल्या, पायांवर भार न येता ते सरळ राहावेत म्हणून. बोटांनी हळूहळू चोळत होत्या. गर्दी पांगत गेली. पोलीस पाटील आले, सरांचे कागद बघितले, "आदी सांगायचं न्हाय व्हय" म्हणाले आणि गेले. आबा शेवटपर्यंत थांबले.

उजाडायच्या आधी शेकाट्यानं चोच उघडली, मिटली, आणि मान मॅडमच्या मनगटावर टाकली. मॅडम तरीबी थोडा वेळ चोळत राहिल्या.

सर म्हणाले, "मी कळवतो. कळवावंच लागेल." मग माझ्याकडं न बघता, "ह्या मुलाला कुणी ओरडायला सांगितलं होतं?"

त्यांचाच आवाज माझ्या घशात आलेला, "हे आधी का नाही केलंस," अगदी दाढीसकट. गिळला. मॅडम मात्र त्यांना म्हणाल्या, "सर, तुम्ही पेट्या भरा." त्यांनी भरल्या.

मी जाळी गुंडाळून पिकअपमधी टाकत होतो. मॅडम मागनं आल्या. हातात पिशवी तशीच, दोन पाय खाली लोंबणारे. तोपर्यंत मला त्या पुण्याच्याच वाटत होत्या.

"हाक मारलीस ते मी ऐकलं," त्या म्हणाल्या. "सरांनीही ऐकलं. आम्हाला मामा तिथून जायला हवे होते, म्हणून आम्ही गप्प बसलो. त्याबद्दल मी तुला काही बोलत नाही. ती आमची लाज, आम्ही बघू."

मी म्हणलं, "मॅडम, मला वाटलं..."

"मधी बोलू नगंस!" एकदम आमच्याकडलं बोलणं निघालं, चक्क आमच्याच काठाचं. "मला त्यांनी धरून हुबी केली तवा तू कुठं हुतास रं? मामाच्या पाठीमागं? आख्ख्या तालुक्याचा आवाज काढतोस आन तवा तुजा स्वतःचा निघंना? तिकडं त्यो वरडत हुता, तू ऐकत हुतास, मी तुज्याकडंच बघत हुते. तेवढा येळ त्याचा हुता. तू खाल्लास. त्या गर्दीनं न्हाय, मामानं न्हाय, आबांनी न्हाय. तू. माज्या तीन वर्साचं म्हणत न्हाय मी, ते मी कुठंबी करीन, न्हायतर करणार न्हाय. पण मार बसंल म्हणून गप बसलास, आन बसला का न्हाय शेवटी? मग आदीच खायचा हुतास की, मुडद्या! आन मान डोलवू नगंस माज्यासमोर. काढ गाडी."